पडद्यावरची मुकी अक्षरे

माझे अक्षर चांगले आहे, ही गोष्ट लहानपणापासून मला इतक्या जणांनी सांगितली की पुढेपुढे ती माझी मलाही खरी वाटू लागली. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचा झाला की मला उभे करीत. आळीत कोणाचे लग्न निघाले की पाकिटांवर नावे घालायला मला बोलावणे येई. यथावकाश मराठी घेऊन एम.ए. झालो, रोह्याला कॉलेजात लागलो, घरात संगणक आला आणि अक्षराची ही हौस टायपिंगवर गेली. माझ्या नोट्स नुसत्या बघत राहाव्यात! दोन्ही बाजूंना सारखा समास, ठळक मथळे, अनुस्वार जागच्या जागी, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक शोधून दाखवावी. वर्षानुवर्षे मुलांनी त्यांच्या झेरॉक्स काढल्या, पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर त्या एकमेकांना धाडल्या. त्यांतली काही मुले आता स्वतःच मराठी शिकवतात.

या नोट्समध्ये मराठीचे एक अक्षरसुद्धा नव्हते, हे मला 2023 साली दिवा-रोहा गाडीत कळले. आणि कळवले ते अशा एका विद्यार्थ्याने, की ज्याने त्या कधी पाहिल्याच नव्हत्या.

मी राहतो पेणला. पेण म्हटले की जगाला गणपती आठवतात, त्यामागून पापड आणि पोहे. रोज रोह्याला जाणाऱ्याला मात्र आधी गाडी आठवते. हमरापूर हे पेणच्या अलीकडचे स्टेशन. हमरापूर, जोहे, कळवे ही सारी मूर्तींच्या कारखान्यांची गावे. हा मुलगा हमरापूरला गाडीत बसायचा. लहानपणी त्याला दिसत असे. पुढे दृष्टी मंदावत गेली आणि दहावीपर्यंत गेलीच. आई-वडील आणि थोरली बहीण, तिघेही एका कारखान्यात कामाला. पेणला कॉलेज असताना तू रोह्याला कशाला येतोस, असे मी त्याला एकदा विचारले होते. तो म्हणाला, "रोह्याला गाडी संपते, सर. कुठे उतरायचे हा प्रश्नच उरत नाही." मला त्या उत्तराचे फार कौतुक वाटले होते, आणि कौतुक करून मी मोकळा झालो होतो.

त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे गणपती लांबले होते. चतुर्थी 19 सप्टेंबरला आली. त्यानंतर आमची चाचणी झाली. या मुलाला लेखनिक दिला होता, नियमाप्रमाणे जादा वेळही दिला होता. त्याला वीसपैकी चार गुण पडले. पेपर वाटताना मी वर्गात बोललो, "अरे, निदान कान देऊन तरी ऐकत जा." वर्ग हसला. आता हे वाक्य आठवले की माझेच कान तापतात. पण ते बोललो खरे, तेव्हा लिहिलेही पाहिजे.

दसरा जवळ आला होता. गाडीत त्याच्या शेजारची जागा रिकामी दिसली म्हणून मी तिथे बसलो. पांढरी काठी घडी करून त्याने मांडीवर ठेवली होती. माझ्या खोकल्यावरून त्याने मला ओळखले. मी विचारले, "चार गुण म्हणजे काय रे? नोट्स पाठवल्या होत्या ना मी?"

त्याने काही न बोलता खिशातून मोबाइल काढला, कानातली एक दोरी मला दिली आणि पडद्यावर बोट फिरवले. त्याच्या फोनमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी व्यवस्था होती. ती अलीकडे बहुतेक फोनांत जन्मजातच असते, आपण ती कधी उघडून पाहत नाही, इतकेच. एक बाई ठणठणीत आवाजात म्हणू लागल्या, "अंडरस्कोर, ए, एम, कॅपिटल आर, ग्रेटर दॅन, आर."

"हे काय?" मी विचारले.

"तुमचा पहिला शब्द आहे, सर. ताई म्हणते, इथे 'मराठी' लिहिले आहे."

कासू येईपर्यंत मी ती दोरी कानातून काढली नाही. संतकाव्यापासून नवकथेपर्यंत सारे वाङ्मय त्या बाई अंडरस्कोर आणि ग्रेटर दॅनमध्ये वाचून दाखवीत होत्या. जुलैपासून हा मुलगा हेच ऐकत होता. रात्री बहीण त्याला वाचून दाखवायची; पण गणपतीच्या हंगामात रात्र रात्र कारखाना चालतो, तेव्हा ती तरी कधी वाचणार? मी म्हटले, "अरे, मग सांगितले का नाहीस?" तो म्हणाला, "सगळ्या वर्गाला वाचता येत होते, सर. मला एकट्यालाच येत नव्हते. मला वाटले, माझ्या फोनचीच चूक असणार." आणि मग, जणू उद्याचा डबा सांगावा तशा सुरात, म्हणाला की दिवाळीनंतर तो यायचा नव्हता. घरी असला तर शाडू मळायला तरी उपयोग होईल, असे ठरले होते.

आता हा काय घोटाळा होता, ते सांगतो. माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला तो उमजायला दोन दिवस लागले, तेव्हा वाचकांनी एक परिच्छेद सोसावा.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षर म्हणजे त्याच्या लेखी एका क्रमांकाची खोली. जुन्या व्यवस्थेत अशा खोल्या फार तर 256, आणि त्यांत मुख्य वस्ती इंग्रजीची. मराठीने राहावे कुठे? तेव्हा आपल्याकडच्या हुशार मंडळींनी युक्ती काढली. खोली इंग्रजीचीच राहू द्यायची, दारावर चित्र मात्र मराठीचे लावायचे. "ए"च्या खोलीवर "र"चे चित्र, अंडरस्कोरच्या खोलीवर "म"चे. पडद्यावर दिसते "मराठी", कागदावर छापून येते "मराठी", आत मात्र सगळी इंग्रजी बिऱ्हाडे. आमच्या कोकणात शिमग्याला सोंगे निघतात, त्यांतलाच हा प्रकार: लुगडे नेसून आला म्हणजे काही तो बाई होत नाही. डोळ्यांना सोंग दिसते. बोलणारे यंत्र मात्र थेट खोलीचा क्रमांक विचारते.

त्या फाँटांना मी नावे ठेवणार नाही. दुसरे काही नव्हते त्या काळात मराठी छापखाना त्यांनीच संगणकावर आणला. पण 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःच्या मालकीच्या 128 खोल्यांची चाळ मिळाली. "अ"ला 2309, "क"ला 2325, "म"ला 2350. आपल्या "ळ"लासुद्धा 2355 हा स्वतंत्र क्रमांक आहे. जगातल्या कोणत्याही यंत्रावर तो "ळ"च राहतो. असे असूनही मी सवयीने जुन्याच फाँटात लिहीत राहिलो, कारण त्यातला "श" मला देखणा वाटत असे. एका देखण्या "श"पायी एक मुलगा कॉलेज सोडायला निघाला होता.

ती दिवाळीची सुट्टी माझी या कामात गेली. जुन्या फाँटाचे युनिकोड करून देणारी साधने असतात, पण ती काही अंतर्यामी नव्हेत. जोडाक्षरे विस्कटली, रफार उठून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले, वेलांट्या मागेपुढे झाल्या. शेवटी बरेचसे नव्याने टाइप केले. त्यासाठी इनस्क्रिप्टचा कळफलक शिकलो. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. ही मांडणी व्याकरणाच्या माणसाला पहिल्याच दिवशी आवडावी अशी आहे. चकली तळून झाली तरी मी "ज्ञ" शोधीत होतो, असे घरात अजून सांगतात.

पहिले प्रकरण पाठवले त्याच रात्री त्याचा फोन आला. मला वाटले, आभार मानील. तो म्हणाला, "सर, सह्याद्रीत दर्या कुठून आला?" पाहतो तो "दऱ्याखोऱ्या"च्या ठिकाणी मी "दर्याखोऱ्या" टाइप केले होते! डोळा असल्या चुका सांभाळून घेतो. त्याला जे हवे ते तो वाचतो. ते यंत्र मात्र लिहिले असेल तेच वाचते. तेव्हापासून माझे मुद्रितशोधन तोच करतो.

पुढे रीतसर शोधू लागलो तेव्हा कळले की या बोलणाऱ्या यंत्रांच्या मागे पुष्कळदा दृष्टिहीन माणसेच उभी आहेत. टेड हेंटर हा अमेरिकन मोटारसायकल शर्यतपटू. 1978 साली मोटारीच्या अपघातात त्याचे डोळे गेले. त्याच्या कंपनीने "जॉज" हा वाचक प्रोग्रॅम काढला. तो चांगला, पण महाग. मग 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि जेम्स तेह या दोघा दृष्टिहीन मित्रांनी "एनव्हीडीए" नावाचा प्रोग्रॅम करायला घेतला आणि तो जगाला फुकट देऊन टाकला. आमच्या कॉलेजच्या एका संगणकावर तो घालायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. त्याहून जुनी गंमत अशी की टंकयंत्राचा एक आद्य नमुनाच अंध व्यक्तीसाठी घडला. पेलेग्रिनो तुर्री नावाच्या इटालियन गृहस्थाने तो केला, कॅरोलिना फँतोनी या दृष्टी गेलेल्या उमरावबाईंना आपली पत्रे आपणच लिहिता यावीत म्हणून. त्या यंत्रावर त्यांनी लिहिलेली 1808 सालची पत्रे आजही आहेत. म्हणजे ज्या यंत्राच्या वंशजावर मी माझी मुकी अक्षरे बडवीत होतो, त्याचे मूळ घराणे हे!

नोट्स सुधारल्या, पण पुस्तकांचे काय? ग्रंथालयातल्या पुस्तकांची पाने मुले मोबाइलने टिपून पाठवतात. ते मजकुराचे छायाचित्र. बोलणारे यंत्र त्याला "फोटो" एवढेच म्हणते. चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे प्रोग्रॅम आहेत, मराठीलाही ते चालतात, छपाई जुनी असली की चुका फार करतात. मला दुसरीच भीती वाटली, की असे आख्खे पुस्तक टाइप करून देणे म्हणजे लेखकाच्या हक्कावर घाला तर नव्हे? सुदैवाने आपला कायदा इथे मोठ्या मनाचा निघाला. 2012 सालच्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तीसाठी पुस्तक वाचनसुलभ रूपात आणायला मुभा आहे. 2013 साली मराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2014 च्या जूनमध्ये त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. 2016 पासून "सुगम्य पुस्तकालय" नावाचे ऑनलाइन ग्रंथालयही चालू आहे. रोह्याहून मुंबईला न जाता पुस्तक मिळते, हे काही थोडे नाही.

रोह्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे आमच्या रोह्याचे. 1943 साली ते त्या खुर्चीवर बसले आणि नोटांवर त्यांची सही आली. आमच्या गावाला याचा अभिमान आहे आणि तो असावाही. पण आजच्या नोटांची गोष्ट अशी की शंभरची 142 मिलिमीटर लांब, दोनशेची 146 आणि पाचशेची 150. रुंदी सगळ्यांची सारखी 66. चार मिलिमीटरांवर, चालत्या गाडीत, चिक्की घेताना माणसाने व्यवहार करायचा! नोटांच्या कडेला उठावाच्या रेघा असतात, पण वापरून मऊ झालेल्या नोटेवर त्या शोधाव्या लागतात. त्याच रिझर्व्ह बँकेने 2020 च्या 1 जानेवारीला "मनी" नावाचे मोबाइल ॲप काढले. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते किंमत बोलून सांगते, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. माझा विद्यार्थी ते वापरतो. पण गर्दीत नोट अशी उघडी धरायची म्हणजे खिसेकापूला आवतण, म्हणून घरूनच वेगवेगळ्या घड्या घालून आणतो. पाचशेची चौघडी, दोनशेची लांबट.

मग परीक्षेचा अर्ज आला. अर्ज ऑनलाइन, आणि तो ज्या पानावर भरायचा त्या पानाचे नाव मी सांगत नाही. शेवटच्या पायरीला एक वेडेवाकडे चित्र येते आणि "चित्रातील अक्षरे लिहा, आपण माणूस आहात हे सिद्ध करा" अशी आज्ञा होते. ऐकायची सोय नव्हती. म्हणजे डोळे नसलेला माणूस तिथे माणूसच ठरत नव्हता! त्याने काय करावे? दरवर्षी करतात तेच: सायबर कॅफेत जायचे, तिथल्या पोराला आपला पासवर्ड सांगायचा, पन्नास रुपये द्यायचे आणि त्याने काय भरले ते देवावर सोडायचे. हा मुलगा म्हणाला, "पन्नास रुपयांचे काही नाही, सर. पासवर्ड सांगायचा, याचे वाटते." मुदतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघे कॉलेजच्या संगणकापुढे बसलो. सगळा अर्ज त्याने एनव्हीडीएच्या आधाराने स्वतः भरला. त्या चित्रातली सहा अक्षरे तेवढी मी वाचली. सहा अक्षरांसाठी एम.ए. झालेला माणूस लागला.

वाचकांना वाटेल, एका मुलाची एवढी कथा कशाला. 2011 च्या जनगणनेत देशातल्या अपंग व्यक्तींची संख्या 2 कोटी 68 लाख भरली. आपल्या महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार. त्या वेळी मोजण्याच्या यादीत प्रकार थोडे होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले. संकेतस्थळे आणि इलेक्ट्रॉनिक सेवा सर्वांना वापरता याव्यात, हेही त्याच कायद्यात आहे. कायद्यात आहे, नियमांत मात्र ते शिफारसवजा उरले होते. राजीव रतुडी या दृष्टिहीन गृहस्थांनी 2005 सालीच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. 8 नोव्हेंबर 2024 ला न्यायालयाने सांगितले की असला ऐच्छिक नियम कायद्याशी विसंगत आहे. सरकारने तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत.

त्यानंतर 30 एप्रिल 2025 चा निकाल आला, तो मी वर्गात वाचून दाखवला. प्रज्ञा प्रसून या ॲसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या बाई. बँकेत खाते उघडायला गेल्या तर यंत्र म्हणाले, कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे कळेल. ज्यांना पापणीच हलवता येत नाही त्यांनी जिवंत असल्याचा पुरावा कसा द्यावा? त्यांच्याबरोबर दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही याचिका होती. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि 20 निर्देश दिले. वर्गात हसणाऱ्या मुलांपैकी त्या दिवशी कोणी हसले नाही. मला 2023 चे माझे वाक्य आठवत होते.

आणि हे दुसऱ्यांचे दुःख आहे, असे कोणी समजू नये. आमच्या आईंचे वय अठ्ठ्याहत्तर. हात थरथरतो. बँकेचा सहा आकडी क्रमांक फोनवर येतो, त्या चष्मा काढून पुसतात, घालतात, चार आकडे लिहितात, आणि वेळ संपल्याची सूचना येते. "मेल्याला घाई किती!" असे म्हणून त्या फोन माझ्या मुलीकडे देतात. हल्ली पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे छापायची टूम निघाली आहे. ती चित्रकाराला शोभिवंत वाटते, आमच्या आईंना कोरी दिसते. वास्तविक अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक इतके प्रमाण हवे, असा जागतिक दंडक 2008 पासून लिहिलेला आहे. आमच्या शेजारच्या काकांना ऐकू येत नाही. ज्या चित्रफितीखाली शब्द उमटतात तीच ते बघतात. अमुक एका माणसासाठी म्हणून केलेली सोय घरातल्या तिघांना उपयोगी पडते, हे मी आमच्याच घरात रोज पाहतो.

आता दिवाळीचेच घ्या. तुम्ही-आम्ही पणत्यांची, रांगोळीची चित्रे शुभेच्छा म्हणून शेकड्यांनी धाडतो. माझ्या विद्यार्थ्याचा फोन नरकचतुर्दशीला पहाटेपासून म्हणत राहतो, "फोटो. फोटो. फोटो." कोणाचा, कशाचा, काही नाही. कोणी हौसेने मजकुरात वीस पणत्या घालतो, तर फोन त्या वीसही एकेक करून वाचतो. शुभेच्छेच्या चित्राखाली एक ओळ लिहिली, "घरातल्या सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा", तर तेवढ्याने भागते. मी तसे लिहू लागलो तेव्हा आमचे एक सहकारी म्हणाले, "चित्रात आहेच की ते!" त्यांना मी गाडीतली गोष्ट सांगितली.

मुलगा आता टी.वाय.ला आहे. 2025 च्या श्रावणात मी हमरापूरला त्यांच्या कारखान्यात गेलो होतो. रंग वाळत घातलेल्या मूर्तींच्या रांगांमधून वाट काढीत आत गेलो, तर बहीण डोळ्यांची आखणी करीत बसलेली. आखणीचे काम पेणकडे सगळ्यात कसबी समजतात. बुबुळ केसभर इकडे-तिकडे झाले तर मूर्तीचा चेहरा बिघडतो. तिला मान वळवायची सोय नव्हती. शेजारी गोणपाटावर हा बसलेला, एका कानात दोरी. फोन त्याच्या कानात सांगत होता आणि तो मोठ्याने तिला एका कादंबरीचे प्रकरण वाचून दाखवीत होता. बहिणीला बारावीनंतर शिकता आले नव्हते, हे मला तेव्हा कळले.

मी आलो म्हणून तो थांबला. ती ब्रश न उचलताच म्हणाली, "सर, बसा. आणि तू थांबू नको रे, तिच्या सासूने पेटी उघडली का ते सांग आधी."